अधिक्रमणाच्या दुपारी लावलेली कडी

त्या वर्षी घराची किल्ली माझ्या गळ्यात असायची. काळ्या दोऱ्यात ओवलेली. अंघोळ करतानाही मी ती काढत नव्हते. कोल्हापुरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दाराला दिवसरात्र आतून कुलूप असे, आणि आत आम्ही दोघंच. माझे वडील आणि मी.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. त्यांची सगळी नोकरी ओतकामाच्या कारखान्यात गेली. सुरुवातीला साचे भरायचे, पुढं चेकर झाले. लोखंडाचा ओतलेला माल थंड झाला, की प्रत्येक नगावर छोटी हातोडी मारून आवाज ऐकायचा, हात फिरवून बघायचं, कुठं भोक, कुठं चीर दिसली की खडूनं फुली मारायची. त्यांनी फुली मारलेला नग मालकालाही पास करता येत नसे, असं आई अभिमानानं सांगायची. आता आई नव्हती, आणि आण्णांना ती नसल्याचं लक्षात राहत नव्हतं. हळूहळू मीही त्यांच्या लक्षातून गेले. ते मला आक्का म्हणायला लागले. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती मी शाळेत असतानाच वारली होती.

ते दोनदा घरातून निघून गेले. पहिल्यांदा गल्लीच्या टोकाला सापडले. दुसऱ्यांदा पाच तासांनी शिरोलीकडं, हायवेच्या कडेला, एका पायात चप्पल. त्यांना थांबवून ठेवणाऱ्या पोलिसाला ते सांगत होते, "सोडा की पावणं, फर्स्ट शिफ्ट हाय माझी." त्या दिवशी मी कुलूप आणलं.

त्याआधी मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ ऑस्ट्रेलियात. कोण येणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, मीही विचारला नाही. रजा टाकून आले, रजा संपली, राजीनामा पाठवला. येताना पुस्तकांची दोन खोकी आणि माझी दुर्बीण घेऊन आले. साधी, हातभर लांबीची, तिवईवर बसणारी. पुण्यात आमचा आकाश बघणाऱ्यांचा एक गट होता. शनिवारी गावाबाहेर जायचो. कोल्हापुरात आल्यापासून दुर्बीण पलंगाखाली होती. केर काढताना झाडू तिच्या पेटीला लागायचा, तेवढीच आमची गाठ.

२०१६ च्या मे महिन्यात बुधाचं अधिक्रमण होतं. म्हणजे बुध ग्रह पृथ्वी आणि सूर्याच्या बरोबर मधून जाणार आणि सूर्याच्या तबकडीवरून एक बारीक काळा ठिपका सरकताना दिसणार. आपल्याकडं ते पाचला वीस मिनिटं कमी असताना सुरू होऊन सूर्य मावळेपर्यंत दिसणार होतं. २०१२ मध्ये शुक्राचं झालं तेव्हा पुण्यात ढगांनी आम्हाला फार काही बघू दिलं नव्हतं. गटातल्या मैत्रिणीचा फोन आला. "सगळे टेकडीवर जमतोय. एक दिवस ये ना."

"बघते," म्हटलं. तिलाही कळलं आणि मलाही.

पण आपल्या गच्चीवरून बघता येईल, असं त्यानंतर डोक्यात बसलं, ते उतरेना. दीड वर्षात मी स्वतःसाठी एकही गोष्ट ठरवली नव्हती. काय खायचं, कधी झोपायचं, कधी बोलायचं, सगळं आण्णांच्या तब्येतीवर. ही एक गोष्ट मी ठरवली. तळमजल्यावर एक निवृत्त नर्स राहायच्या. सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणायची. त्यांना विचारलं, सोमवारी साडेचार ते सहा आण्णांजवळ बसाल का. त्या म्हणाल्या, "बसतो की. त्यात काय विचारायचं?" गच्चीची किल्ली मी सेक्रेटरींकडून आदल्या दिवशीच आणून ठेवली. पांढरा कार्डबोर्ड कापला. सूर्याकडं दुर्बिणीतून बघायचं नसतं, डोळा जातो. दुर्बिणीतून येणारं सूर्याचं बिंब मागं धरलेल्या कार्डबोर्डवर पाडायचं आणि ते बघायचं. तीन दिवस मी ह्या तयारीवर जगले.

सोमवारी दुपारी एकला सिस्टर दारात उभ्या राहिल्या. हातात पिशवी. "पोरीला कळा सुरू झाल्यात. कबनूरला चाललो बघ मी. पहिलटकरीण हाय, जायाला पायजे."

"जावा की," मी म्हणाले. "इथलं काय एवढं नाही."

दार लावून कुलूप घातलं आणि तिथंच उभी राहिले. बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणाला सांगावं? समोरचे दोघं नोकरीवर. खालच्या काकूंना आण्णांची भीती वाटायची. आण्णांनी एकदा काकूंच्या दारावर चमच्यानं ठोकून ठोकून तपासणी केली होती.

मग घरातूनच बघता येईल का ते बघितलं. आमच्या खिडक्या पूर्वेला आणि उत्तरेला. पश्चिमेला फक्त बाथरूमचा झरोका. त्याच्या काचेच्या पट्ट्या काढल्या, बादली पालथी घालून वर चढले. समोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, तिच्यावरून खाली येणारा एक पाइप, आणि वर वीतभर आकाश. त्या वितीत सूर्य येणार नव्हता. बाहेरून आण्णा दार वाजवत होते. "आक्का, भाईर ये की. मला एकट्याला का ठेवलंस?" मी बादलीवर उभी होते आणि मला त्या वीतभर आकाशाचा राग आला होता, त्यांचा नाही. निदान तेव्हा तरी नाही.

जेवण झाल्यावर ते झोपायचे. बहुतेक पाचपर्यंत. त्या दिवशी नेमके झोपेनात. मी त्यांच्याजवळ बसून पाठ थोपटत राहिले. चार वाजता डोळा लागला. सव्वाचारला घोरायला लागले. मी दुर्बिणीची पेटी ओढून काढली, खोलीबाहेर आले आणि त्यांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावली.

हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. घराच्या दाराला कुलूप होतं, तेव्हा आम्ही दोघंही आत असायचो. खोलीला कडी मी कधी लावली नव्हती. उठायच्या आत येते, असं मनात म्हटलं. कडीचा आवाज होऊ नये म्हणून पदर मध्ये धरला.

गच्चीवर कुणीतरी जुन्या साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांना वळसा घालून टाकीच्या बाजूला तिवई उभी केली. पन्हाळ्याच्या अंगाला ढग चढत होते, वळवाचे, पण सूर्य त्यांच्या बराच वर होता. दुर्बिणीची सावली बघत बघत ती वळवली, आणि कार्डबोर्डवर एकदम बिंब आलं. बशीएवढं, पांढरंशुभ्र, कडा थरथरणारी. मध्याजवळ दोन पुसट डाग होते; ते सूर्याचे स्वतःचे. बिंब सतत सरकायचं, दर मिनिटाला दुर्बीण थोडी हलवायला लागायची. इतक्या दिवसांनी हात ते बिनचूक करत होते. वारा होता. मी एकटी होते. कुणी मला हाक मारत नव्हतं.

पाचला वीस मिनिटं कमी झाली, मग अठरा. कडेला एक बारीकसा चावा पडल्यासारखा दिसला. पेन्सिलीच्या टोकाएवढा.

आणि खालून आवाज यायला लागला. धप, धप, धप. मग आण्णांचा आवाज, शब्द कळत नव्हते.

बुध सूर्याच्या कडेवरून पूर्ण आत यायला तीन मिनिटं लागतात. मला ते माहीत होतं. मी तीन मिनिटं थांबले. ऐकू येत होतं आणि थांबले. चावा खोल झाला, त्याचं वर्तुळ झालं, आणि कडेपासून सुटून तो ठिपका एकटा आत आला. गोल, काळाभोर. त्या दोन पुसट डागांसारखा अजिबात नाही. तो सुटल्यावरच मी जिन्याकडं पळाले.

कडी काढली तर आण्णा दाराला लागूनच उभे होते. दोन्ही मुठींची सालं निघाली होती. पायजमा ओला झाला होता. त्यांनी मला आक्का म्हटलं नाही. माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कारखान्यातला कुणी माणूस आहे.

"आत माणूस हाय!" ते ओरडले. "बघितल्याबिगर दार लावता व्हय रे? भट्टी पेटली असती तर?"

तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. आण्णा गेल्यावर त्यांच्याबरोबर काम केलेले एक गृहस्थ भेटायला आले होते, त्यांनी सांगितलं. साच्यांच्या आत बसवायचे वाळूचे गाभे वाळवायला खोलीएवढी भट्टी असे. एकदा आत झाडणारा माणूस असतानाच कुणी तरी तिचं दार लावलं. यंत्रांच्या गोंगाटात कुणाला काही ऐकू गेलं नाही. आण्णांना गेलं. त्यांचा कानच ठोक्यांचा. ते हातातला नग टाकून धावले आणि दार उघडलं. भट्टी पेटायची होती, माणूस वाचला. हे ऐकताना मी चहाचा ट्रे हातात धरून उभी होते. आण्णांनी ठोका ऐकला आणि ते धावले. मीही ऐकला होता.

त्या दुपारी मी त्यांना बाथरूममध्ये नेलं, धुतलं, कोरडे कपडे घातले, मुठींना हळद लावली.

"चुकलं माझं आण्णा," मी म्हणाले.

"पाळीवर कोण हुतं?"

"मीच होते."

"नाव लिवून घे तेचं," ते म्हणाले. "असल्या माणसाला पाळीवर ठेवायचं न्हाय."

"लिहिते."

त्यांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं, आणि मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर दोन बोटांनी टकटक केलं आणि कान देऊन ऐकलं.

मग मी त्यांचा हात धरला. "चला आण्णा, वर जाऊ."

हे आधी का सुचलं नाही, ह्याचं उत्तर मला माहीत आहे. त्यांना जिना चढवणं अवघड होतं, गच्चीचा कठडा बुटका होता, हे खरंच. पण खरी गोष्ट अशी, की मला तो तास त्यांच्याशिवाय हवा होता.

एकेक पायरी करत वर पोचायला दहा मिनिटं लागली. गच्चीवर आल्यावर त्यांनी डोळ्यांवर हात धरला. कित्येक महिन्यांत ते उन्हात आले नव्हते. मी त्यांचा एक हात घट्ट धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं दुर्बीण पुन्हा लावली. बिंब कार्डबोर्डवर आलं. ठिपका आता कडेपासून चांगला आत गेला होता.

"काय माल हाय ह्यो?" आण्णांनी विचारलं.

"सूर्य आहे."

"कुणाची ऑर्डर?"

"बाहेरची," म्हणाले.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कार्डबोर्डवर वाकले. एवढे स्थिर मी त्यांना कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. बिंब सरकायचं तसे तेही सरकायचे. बोट कागदाला न लावता त्यांनी आधी त्या दोन पुसट डागांवर धरलं. "ही वाळू हाय. वरवरची. घासली की जातीया." मग बोट बुधावर आलं. बराच वेळ तिथं राहिलं. "ह्यो मातर ब्लोहोल. गोल हाय बघ, आक्का. आत हवा ऱ्हायली. ह्यो जायाचा न्हाय."

"मग?"

"खडू दे."

खडू नव्हता, पेन्सिल दिली. त्यांनी सबंध बिंबावर, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, फुली मारली. "रिजेक्ट. वितळवा परत."

मी हसले. मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता. तेही हसले, मी हसतेय म्हणून. बिंब फुलीखालून हळूहळू सरकून कागदाबाहेर गेलं, आणि मी ते लगेच परत आणलं नाही.

अर्धा तास आम्ही बघत होतो. म्हणजे मी बघत होते आणि ते दर थोड्या वेळानं नवा नग आल्यासारखं बघून तोच निकाल देत होते. मग ढगांची कड सूर्याला लागली, बिंब मळकट झालं आणि विझलं. वारा सुटला. कुरडया उडायला लागल्या, म्हणून मी आण्णांना टाकीच्या कट्ट्यावर बसवून साडी गोळा केली.

"चला, खाली जाऊ."

"न्हाय."

"पाऊस येतोय आण्णा."

"खाली न्हाय यायचा मी. तितं कोंडत्यात."

त्यांनी टाकीचा पाइप दोन्ही हातांनी धरला. हळदीच्या मुठी, पांढऱ्या पडलेल्या. टपोरे थेंब पडायला लागले. मी ओढलं, विनवलं, शेवटी ओरडलेसुद्धा. मग सोडून दिलं आणि दुर्बीण जिन्याच्या आडोशाला ठेवून त्यांच्याजवळ येऊन बसले. दोघं भिजलो. वळीव होता, वीस मिनिटांत ओसरला. मी म्हणाले, "आण्णा, आक्का भाकरी करणार आहे. पिठलं पण." तेव्हा त्यांनी पाइप सोडला.

संध्याकाळी मैत्रिणीनं फोटो पाठवला. टेकडीवर सगळे ओळीनं उभे. खाली लिहिलं होतं, दिसलं का तुला? मी लिहिलं, दिसलं. एवढंच.

चार दिवसांनी सिस्टर परत आल्या. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. पेढे द्यायला वर आल्या आणि आण्णांच्या मुठी बघितल्या. खपल्या धरल्या होत्या.

"ह्ये काय?"

"दारावर आपटला हात."

"दोन्ही?"

चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला काय सांगणार? मी सगळं सांगितलं, तीन मिनिटांसकट. त्या मला बोलतील असं वाटलं होतं; बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "भावाला फोन लाव. आत्ता. माझ्यासमोर."

"त्याला काय सांगू?"

"मला सांगितलंस त्येच."

सांगितलं. दीड वर्ष दर रविवारी मी त्याला "ठीक आहे सगळं" म्हणत आले होते. तो म्हणाला, "मला वाटायचं, तुला जमतंय."

"नाही जमत," मी म्हणाले. हे दोन शब्द बोलायला मला किती जोर लावावा लागला, ते सिस्टरांनीच बघितलं.

तो जुलैत आला, तीन आठवडे राहिला. पहिल्याच आठवड्यात त्याचा चेहरा उतरला. जाताना त्यानं आणि सिस्टरांनी मिळून एक माणूस शोधून दिला, आठवड्यातून तीन दुपारी येणारा. पूर्वी दवाखान्यात वॉर्डबॉय होता; आण्णांना साहेब म्हणायचा, ते त्यांना आवडायचं.

पहिल्या दुपारी मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि खाली उतरले. तीन तास होते. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. स्टँडवर गेले. कोडोलीची गाडी उभी होती, चढले. खिडकीशी बसले. ऊस, पाणी साचलेली वावरं, कुणाची तरी म्हैस रस्त्यात. बघायला काही विशेष नव्हतं, आणि मी सगळं बघत होते. कोडोलीत उतरून चहा प्याले, दोन पेरू घेतले, आणि परत त्याच गाडीत चढले.

कंडक्टर म्हणाला, "आत्ता तर उतरलासा की, बाई! झालं व्हय काम?"

"व्हय, झालं."

घराखाली पोचले तेव्हा वीस मिनिटं शिल्लक होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले आणि पायरीवर टेकले. जिन्यात कुणी नव्हतं. पिशवीतला एक पेरू काढला, पदराला पुसला आणि सावकाश खाल्ला.